तीन नंबरची रायफल

भटजींनी सातवा झेंडू उचलला, तसा धोंडिराम टेबलाशी येऊन उभा राहिला.

"हिला नको," तो म्हणाला.

मुलुंड पूर्वेच्या त्या जुन्या रायफल क्लबात दसऱ्याची शस्त्रपूजा चालली होती. पांढऱ्या चादरीवर सात पॉइंट टू टू रायफली ओळीने आडव्या ठेवल्या होत्या. सहांवर हळदकुंकवाची ओली बोटं ओढून झाली होती आणि सहांच्या नळीच्या तोंडात एकेक झेंडू खोचून झाला होता. फुलं नुकतीच बादलीतून काढलेली, देठातून पाणी ठिबकत होतं. राहिली होती ती शेवटची, तीन नंबरची. क्लबाएवढंच तिचं वय, साठीला टेकलेलं. दस्त्यावरचं पॉलिश हात लागून लागून उडालं होतं, पण नळी आतून अजून लख्ख. क्लबाचा शस्त्रागार सांभाळणारा धोंडिराम तेहतीस वर्षं तिला तेलाचं बोट लावून, तोंड खाली करून घोडीवर उभी करत आला होता. तेल लाकडात उतरलं की लाकूड कुजतं. मिठागरांवरून खारा वारा सुटला की तो आधी तिच्या बाजूची खिडकी लावून घ्यायचा, मग बाकीच्या.

"काल ठरलं होतं साहेब," तो अध्यक्षांना म्हणाला. "हिच्यावर नुसत्या अक्षता."

अध्यक्ष चंद्रप्रकाश साहेबांनी पाहुण्यांकडे बघून हसून घेतलं. आज नगरसेवक आले होते, फोटोवालाही होता. "काल ठरलं ते काल. सहांना फुलं आणि एकच बोडकी? फोटोत कसं दिसेल? आणि तुम्ही तर दसऱ्याला नागपूरला असता ना?"

"यंदा बायकोला एकटीला पाठवली."

सोनूबाई काल रात्रीच दीक्षाभूमीला गेली होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एकटी. 'रायफलीसाठी राहताय? लोकं हसतील,' एवढंच ती म्हणाली होती.

अध्यक्ष जवळ आले, आवाज खाली घेतला. "हे बघा धोंडिराम. तुमच्यात हे हळदकुंकू चालत नाही, ठाऊक आहे मला. पण क्लब सगळ्यांचा आहे."

"आमच्यात काय चालत नाही ते राहू द्या साहेब. लोखंडात चालत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांचे कान लाल झाले.

"उद्या पुसून टाका की! कोण नको म्हणतंय?"

"उद्या कुठे पुसू देता? मांडलेली पूजा हलवायची नाही म्हणता. परवा क्लब बंद. गेल्या साली पहिल्यांदाच फूल खोचलंत, तेही एकीलाच; मी चौथ्या दिवशी आलो, तेव्हा ते वाळून नळीला चिकटलं होतं. ओढलं, तर देठासोबत गंज आला." त्याने सात नंबरकडे बोट केलं. "हीच ती. तेव्हा कोरी होती. गोळी सुटताना शेवटी ज्या कडेला लागून जाते ना साहेब, तीच कड खाल्ली गेली. बाकी सगळी रायफल नवी राहिली तरी काय उपयोग?"

"खरंय सर," भिंतीला टेकलेली वेन्डी म्हणाली. ती गव्हाणपाड्यातल्या शाळेत पीटी शिकवायची. पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धेत ती तीन नंबरच घेऊन उतरणार होती. "सातने मारलं की माझी गोळी शेजारच्याच्या टार्गेटवर जाते. मार्क त्याला, शिव्या मला."

आता सगळेच हसले. तेच अध्यक्षांना झोंबलं.

"कमाल आहे! शस्त्र आहे का लेक आहे तुमची?"

"लेक असती तर कधीच सासरी गेली असती," धोंडिराम म्हणाला. "ही राहिलीय."

भटजी फूल हातात घेऊन ताटकळले होते. "मुहूर्त टळतोय," ते पुटपुटले.

"टळणार नाही. तुम्ही खोचा," अध्यक्ष म्हणाले, आणि धोंडिरामकडे वळून त्यांनी तळहात पुढे केला. "शस्त्रागाराची किल्ली ठेवा इथं. आणि घरी जा. उद्यापासून यायची गरज नाही."

वेन्डी भिंतीपासून सरळ उभी राहिली. "सर, असं काय करता..."

"तू थांब गं," धोंडिराम म्हणाला.

त्याने डाव्या हाताने कंबरेची किल्ली सोडवली. गाठ जुनी होती, वेळ लागला. किल्ली अध्यक्षांच्या तळहातावर ठेवली. मग उजवा हात पुढे करून त्याने तीन नंबरच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. बोल्ट काढलेला होता, नळी रिकामी होती. तरीही कुणी गमतीत नळीच्या तोंडाशी बोट नेलं तर सगळी रेंज डोक्यावर घेणारा हाच माणूस होता.

भटजींनी फूल पुढे नेलं. जागा नव्हती. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"हात काढा धोंडिराम," अध्यक्ष म्हणाले.

"किल्ली मागितलीत, दिली," धोंडिराम म्हणाला. "अंगठा मिळायचा नाही."