शाईने लिहायची नावं

"जरा वर धर. अगं, वर! ऊन दगडावर पडू दे, माझ्या टकलावर नको."

लॉरेल घडीच्या खुर्चीत बसली होती. आठव्या महिन्याचं पोट, आणि पोटापुढे कपाटाच्या दाराचा काढून आणलेला आरसा. सकाळी या जुन्या दफनभूमीतल्या दगडांची तोंडं सावलीत असतात. साडेतीनशे वर्षांची झिजलेली अक्षरं वाचायची, तर आरशाने बाजूने ऊन टाकावं लागतं. आजोबांचे हात थरथरतात, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

"आजोबा, मला इथेच कळा सुरू झाल्या तर तुमच्या या पूर्वजांपैकी गाडी कोण चालवणार?"

"माझ्या एकट्याचे आहेत होय ते? दोन मिनिटं दम धर."

ॲम्ब्रोज आजोबा गुडघ्यांवर बसून मऊ ब्रशने माती झाडत होते. नऊ वर्षं त्यांनी या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. जॉब क्रॉलीची बायको मेहिटाबल, जिच्यापासून आपलं घराणं चाललं, ती इंग्लंडहून आलेल्या ऑबेडाया टिलिंगची मुलगी, असं ते छातीठोकपणे सांगायचे. इंग्लंडहून आलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांची जी संस्था होती, तिने सभासदत्वाचा त्यांचा अर्ज परत पाठवला होता. ऑबेडायाची मेहिटाबल अकरा महिन्यांची असताना वारली, दगड पाहून या, असा खाली शेरा मारून. दगड खरंच होता. हातभर उंचीचा, आत्ता ते झाडत होते तोच. १६६८.

तेव्हापासून आजोबांच्या वंशावळीच्या वहीत टिलिंग मंडळी पेन्सिलीने लिहिलेली. दगडावर नाहीतर चर्चच्या नोंदवहीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाला शाई लावायची नाही, हा त्यांचा नेम.

त्या वहीवर लॉरेलचा राग होता. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. आयरिस. तीन दिवस जगली. आजोबा नाव लिहायला बसले तेव्हा लॉरेल कडाडली होती, "लिहाल तर याद राखा!" आता दुसरी यायची होती, पण घरात पाळणा नव्हता, नाव ठरलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायची, "आधी येऊ तर दे." रात्रंदिवस तिला भीतीने ग्रासलं होतं.

"चल, आता हा." आजोबा शेजारच्या मोठ्या दगडाकडे सरकले. 'मेहिटाबल, जॉब क्रॉलीची बायको' एवढीच ओळ आजवर त्यावर दिसायची. बाकीचा दगड जमिनीत खचलेला. या उन्हाळ्यात गावाने असे दगड उचलून सरळ केले होते.

लॉरेलने आरसा वळवला. आजोबा बोट फिरवत वाचू लागले.

"ऑबेडाया आणि ॲन टिलिंग यांची कन्या. मृत्यू १७३१. वय वर्षं एकसष्ट."

लॉरेलने मनातल्या मनात वजाबाकी केली. "म्हणजे जन्म १६७०चा. पण आजोबा, ती तर १६६८ मध्येच…"

"दोघी होत्या गं! दोघी! पहिली गेली, म्हणून दुसरीला तेच नाव ठेवलं. तेव्हा घरोघरी ठेवायचे. माझ्या डोक्यात होतं ते, पण दगड बोलल्याशिवाय माझं कोण ऐकतंय!" आजोबा हसत होते आणि मातीच्याच हातांनी डोळे पुसत होते.

लॉरेल हसली नाही. ती त्या हातभर दगडाकडे बघत होती.

"पहिलीला विसरायचं म्हणून ठेवलं असेल तेच नाव?"

"विसरायचं असतं तर एवढ्याशा जिवासाठी दगड कशाला कोरून घेतला असता? आणि त्याच नावाने पुन्हा हाक मारली. त्या आईची छाती बघ."

"घाबरली नसेल?"

"घाबरली असेलच की, बाळा. पण हाक मारली."

पोटात लाथ बसली. आरसा हलला आणि उन्हाचा तुकडा दोन्ही दगडांवरून फिरला. लॉरेलने आरसा गवतात ठेवला.

"वही काढा."

आजोबांनी दोन्ही मेहिटाबल शाईने लिहिल्या. अक्षर वाकडं आलं, पण आलं. ते पेनाला टोपण लावणार, तेवढ्यात लॉरेलने त्यांचा हात धरला.

"शेवटच्या पानावर या. माझ्या नावाखाली आयरिस लिहा. शाईने. मी पाहिलीय तिला. स्वतःच्या डोळ्यांनी."

आजोबांनी लिहिलं. शाई वाळावी म्हणून वही उन्हात धरली. लॉरेल रडत होती, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिने ते लपवलं नाही.

मग नाक पुसून ती म्हणाली, "तिच्या शेजारी एक चौकट काढा. पेन्सिलीने."

आजोबांच्या भुवया वर गेल्या. "मेहिटाबल?"

"काहीतरीच! शाळेत पोरं जगू देतील का तिला? मी ठरवते, घाई नका करू."

आजोबांनी घाईघाईने बोटभर चौकट काढली. लॉरेलने वाकून पाहिलं.

"अहो, ही पानाच्या अगदी तळाशी काय काढलीत? खोडा. वर घ्या."

"का गं?"

"खाली तिच्या पोरांना जागा नको?"