ब्रेकचे दिवे

"नवा टेप बसवणाऱ्यानं तो ब्रेकच्या दिव्यांच्या वायरीला जोडलाय," डॅशबोर्डखालून डोकं काढत इलेक्ट्रिशियन म्हणाला. "फ्यूज उडाला आणि दोन्ही गेले. टेप कधी बंद पडला?"

"सोमवारी सकाळी," श्रीपाद म्हणाला.

सोमवारी संध्याकाळीच एक स्कूटरवाला मागून त्याच्या गाडीवर आदळला होता. "डोळे फुटलेत का?" असं म्हणत श्रीपादनं रस्त्यावर कण्हणाऱ्या त्या माणसाला चारचौघांत झापलं होतं. जमलेल्यांनीही त्याचीच बाजू घेतली होती.

गॅरेजमधून तो थेट दवाखान्यात गेला. मांडीत सळई घातलेला तो माणूस त्याला पाहून उठायला धडपडला.

"माफ करा साहेब. माझंच लक्ष नव्हतं."

"मी चार दिवस तेच सांगतेय यांना," उशाशी बसलेली बायको म्हणाली.

श्रीपादनं पलंगाची कड घट्ट धरली. "त्यांची चूक नाही, वहिनी. माझ्या गाडीचे ब्रेकचे दिवेच लागत नव्हते. पोलिसांनाही तसं लिहून देतो."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याचा हात कपाळाशी धरून ती रडायला लागली.