रुखवतातला पाना

रुखवतात करंज्या-लाडवांशेजारी सृष्टीनं आपले सायकलचे पाने मांडले आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. शर्यतीची सायकल तिनं धाकट्या बहिणीला दिली होती. पाने मात्र सोडवेनात.

नवरदेव जयराजच्या आईनं, सासू बनुबाईंनी, त्यातला मागच्या चाकाच्या दातेरी चकतीवरची रिंग आवळायचा पाना उचलून पदराखाली घेतला. "ह्यो ऱ्हाऊ दे माझ्याकडं," म्हणत त्या वरातीच्या आधीच आष्ट्याला घरी निघाल्या. सृष्टीचं तोंड एवढंसं झालं.

संध्याकाळी उंबऱ्यावर, मापाशेजारी, कोरी सायकल उभी. चाक फिरेल तोवर पेडलही फिरतच राहणारी, अगदी तिच्या जुन्या सायकलसारखी.

"तुझ्यासाठनंच जोडलीया. जयराज चकतीवरची रिंग छिन्नीनं ठोकून बशीवणार हुता," बनुबाई म्हणाल्या. "म्हनलं, सुनेचा पाना हाय तर ठोकायचं कशाला? मीच बशीवली."

सृष्टीनं वाकून रिंग चाचपली. घट्ट होती. "आत्या, ही उलटी आवळायची, कसं कळलं?"

"सुलटी फिरवून दमले, तवा कळलं!"

हसत हसत त्यांनी सुनेला कुंकू लावलं, तर शेजारी ग्रीसचं काळं बोट उमटलं.

"पुसू नगं," बनुबाई म्हणाल्या, "तीट बी लागली."