पाच सुरांचा पाहुणा

"इतकं खोल भांडं नको गं. एखादं पिल्लू बुडेल त्यात. पसरट आण काहीतरी," सूरमास्तर परसातून म्हणाले.

त्यांच्या बायकोनं जुनी परात नेऊन दिली. मास्तरांनी मधोमध चपटा दगड ठेवला, बोटभर पाणी ओतलं आणि परात काटेरी झुडपाखाली सरकवली.

आजही ते अंथरुणातून उठून बाहेर आले होते. तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले.

मास्तरांनी जन्मभर वाद्यं जुळवली. पेटी असो, पियानो असो, उतरलेला सूर त्यांना रस्त्यावरून कळायचा. हिवाळ्यात त्यांनी अचानक दुकान बंद केलं आणि अंथरूण धरलं. दिवसभर भिंतीकडे तोंड. बोलणं नाही, धड खाणं नाही. ती स्वतः नुकतीच मोठ्या दुखण्यातून उठली होती. चारचौघांत बोलायची वेळ आली की रुमाल तोंडाशी न्यायची, फोन वाजला तर उचलायची नाही. पण नवरा असा निजलेला असताना आपलं दुखणं कुरवाळायला सवड कुणाला होती?

एका पहाटे मास्तर भिंतीशीच बोलले.

"ऐकलंस? पाच सुरांची शीळ. लहानपणी आमच्या परसात यायचा हा पक्षी."

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण तीन आठवड्यांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं.

"क-कशी असते हो ती शीळ?"

त्यांनी घालून दाखवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अगदी सावकाश. मग सुस्कारा सोडला. "कशाला थांबेल तो इथं? नुसती फरशी आहे आपल्याकडे."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिली. ओठांचा चंबू केला. नुसती हवा गेली. चार दिवस हवाच. पाचव्या दिवशी एक सूर निघाला, फाटका, सुतासारखा बारीक. मास्तरांची खिडकी उघडली.

"आला गं! एकच सूर लावला. बुजतोय अजून."

त्या दिवसापासून मास्तर अंथरुणात उठून बसू लागले.

मग परस बदलू लागलं. निम्म्या फरश्या उखडल्या. गवत वाढू दिलं. छाटलेल्या फांद्यांचा ढीग कोपऱ्यात कुजायला ठेवला, पाला जाळायचा बंद केला, कीटकनाशकाचा पंप भंगारात दिला. सरपटणाऱ्यांना ये-जा करता यावी म्हणून कुंपणाखाली वीतभर फट ठेवली.

"मास्तर, परसाला हजामतीची सुट्टी दिलीत वाटतं?" शेजारच्या शिंप्यानं कुंपणावरून विचारलं.

"टकलाला हेवा वाटायचाच," मास्तर म्हणाले.

ती हसली. रुमाल घ्यायचं विसरूनच हसली.

आधी मधमाश्या आल्या. मग परातीच्या काठावर एक बेडूक, एखाद्या सावकारासारखा ऐसपैस. चतुर आले, फुलपाखरं आली. सकाळी धुकं गवताच्या उंचीवर तरंगत राही आणि त्यातून कुणाकुणाचे आवाज येत. घर आपलं जमिनीवर नसून कुठंतरी पाण्यावर बांधलंय, असं तिला टाकीमागे उभं राहून वाटायचं. अशा वेळी शीळ घालताना तिलाही ती आपली वाटत नसे.

फक्त तो पक्षी मास्तरांना कधी दिसला नाही. त्यांनी शोधलाही नाही.

"आज चौथा सूर उतरला," चहा घेताना ते म्हणायचे. "दमला असेल."

तिला कणव यायची. भरल्या सभेत एक तार उतरली तर ओळखणारा हा कान, आता बायकोची शीळ ओळखेना! मग दिवसभर भांडी घासताना ती तो चौथा सूर घोटत बसायची.

डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा यायच्या. मास्तरांची नाडी क्षणभर पाहायच्या, की लगेच तिच्यासमोर खुर्ची ओढायच्या. "सांगा, या महिन्यात कोण कोण आलं?"

"बेडूक, फुलपाखरू, पाकोळी, भुंगा," ती रंगून सांगायची. डॉक्टरीणबाईंना पाखरांचं भारी वेड, असं तिला वाटायचं.

या खेपेला मात्र डॉक्टरीणबाई उठता उठता म्हणाल्या, "उद्या पहाटे येते. तुमचा पाहुणा मलाही ऐकायचाय."

मास्तरांचे कान म्हातारे झाले असतील, या बाईंचे नव्हते. लबाडी उघडी पडली तर मास्तर पुन्हा त्या भिंतीकडे वळणार. आणि आता वळले तर परत फिरणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहाटे ती टाकीमागे उभी राहिली. खिडकीत दोन आकृत्या दिसत होत्या. तिनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि शीळ घातली.

एक. दोन. तीन. चौथा सूर गवतावरून दवासारखा घरंगळला. पाचवा कितीतरी वेळ हवेत राहिला.

मग कपबशा वाजल्या, मास्तरांचा मोकळा आवाज आला. निभावलं! ती टाकीला टेकून खाली बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

मास्तर डॉक्टरीणबाईंना पोचवायला पुढच्या फाटकापर्यंत गेले.

"पाचही सूर स्वच्छ," डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "वहिनींचा ओठ सरळ झाला, बोलणंही मोकळं झालं. मी दिलेले तोंडाचे व्यायाम तर त्यांनी आठ दिवसांत सोडले होते. आता तुम्हीही बरे झालात तरी चालेल, मास्तर."

"इतक्यात नको," मास्तर म्हणाले. "पक्ष्याला अजून दोन सूर शिकवायचेत."