पट्टी हिरव्यावर आली

परदेशी संस्थेच्या बालकेंद्रात नर्सताई पोरांच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळून बघायची. हिरवा म्हणजे पोर ठणठणीत, लाल आला म्हणजे पार खंगलेलं. त्यालाच पौष्टिक खाऊची पाकिटं मिळायची. पिवळ्या-हिरव्याला नुसता सल्ला, कारण वरून पाकिटंच मोजकी यायची.

आज लालात असल्याने पाकिटं मिळणाऱ्या एका पोराची पट्टी चक्क हिरव्यावर आली आणि ताईला आभाळ ठेंगणं झालं. "जिंकलीस गं बाई! सुटला तुझा लेक, आता पाकिटं बंद!" म्हणत तिने टाळ्याच पिटल्या.

पोराच्या आईच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. कडेवरच्या धाकटीचा दंड तिने पुढे केला.



"ताई, ही पिवळ्यातच अडकलीय हो. लाल व्हायला हिला अजून किती दिवस उपाशी ठेवू?"