पुढचा वाडगा

करागंदातल्या चर्चमध्ये नाताळला गोरगरिबांना जेवण असे आणि एर्ना दरवर्षी सूप वाढायला जाई. "देवाची कृपा, असल्या थंडीत आपल्याला ऊबदार घर तरी आहे," असं शेजारणीला म्हणत तिने समोरचा वाडगा भरला.

"पाव देऊ का, आजोबा?"

"आजोबा काय गं, ताई? तुझ्याहून धाकटा आहे मी."

तो विक्टर होता, तिचा सख्खा भाऊ. त्याची बोटं थंडीने काळी पडली होती.

"आईची चूल अजून घरभर धूर करते का?" त्याने हसून विचारलं.

"नाही. नवी बसवली."

"बरं केलंस."

आई गेली त्याच हिवाळ्यात त्याला बाहेर काढून घराचं कुलूप तिनेच बदललं होतं. एर्नाने त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी सूप ओतलं आणि पुढच्या माणसाचा वाडगा हातात घेतला.