श्वासाचा वर्ग

डॉक्टरीणबाईंनी यंत्र तिसऱ्यांदा पोटावरून फिरवलं आणि बाजूला ठेवून दिलं. बाळाचे ठोके थांबले होते. नववा महिना लागून चार दिवस झाले होते. उद्या सकाळी दाखल व्हायचं, कळा यायचं औषध देऊ, बाळंतपण मात्र नेहमीसारखंच होईल, असं त्या म्हणाल्या. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. बाहेर येऊन घड्याळ पाहिलं. अकराला पाच मिनिटं कमी होती.

"वहिनी, लिफ्ट इकडे आहे." नणंदेचा आवाज चिरकला होता. "दादाला फोन केलाय. निघालाय तो. रात्रीपर्यंत पोचेल."

"मला वर जायचंय. अकराचा वर्ग आहे."

"अगं, आता कशाला?"

"बाळंत तर व्हायचंच आहे ना मला."

वरच्या खोलीत पाच चटया अंथरलेल्या होत्या. तिनं सहावी अंथरली. शेजारच्या चटईवरची म्हणाली, "मला आडवं करू नका हं मॅडम, उठवायला क्रेन मागवावी लागेल." सगळ्या हसल्या. तीही हसली, जराशी उशिरा.

शिकवणाऱ्या बाई चटयांमधून फिरत होत्या. "श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. जबडा सैल. खांदे खाली." तिच्यापाशी त्या थांबल्या. "शाबास! सगळ्या जणी हिच्याकडे बघा. कसं अगदी शांत चाललंय."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आता दोन्ही हात पोटावर. डोळे मिटा. बाळाशी बोला काहीतरी."

खोलीभर कुजबुज सुरू झाली. तिनं हात ठेवले. पोट गरम होतं. ती मनात सहापर्यंत मोजत राहिली.

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. "मॅडम, जोर लावणं कधी थांबवायचं?"

"ते काय सांगायला लागतं होय? बाळ रडलं की आपोआप कळतं."

"माझं रडणार नाही."

बाई हसत होत्या, त्या थांबल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. नणंद तोंडात रुमाल कोंबून भिंतीला टेकली होती. बाईंनी हातातली चटई खाली ठेवली.

"कधी आहे?"

"उद्या."

"मी येते. मी सांगेन थांब म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास बाई तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "थांब. झालं."

ती थांबली. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. नर्सनं बाळ पुसलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "जवळ देऊ?"

तिनं बाईंकडे पाहिलं.

"कसं घ्यायचं ते तुम्ही अजून शिकवलं नाहीत. तो वर्ग पुढच्या बुधवारी होता."

बाई पलंगाला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आल्या. त्यांनी तिचा हात कोपरात दुमडला, थोडा वर उचलला.

"डोकं इथं येईल," त्या म्हणाल्या. "आणि मानेखाली हात असू दे. एवढी लहान बाळं मान धरत नाहीत."